पाखराचा आवाज येत नाही

पाखराचा आवाज येत नाही, असं मी ठणकावून लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. खाली जोड दिली, की मी आयुष्यभर पियानो सुरात लावत आलोय, तेव्हा माझ्या कानाबद्दल कुणी शंका काढू नये, आधी आपला प्रोग्राम तपासावा. ते वाक्य नेटवर अजून आहे. पुसायची काही सोय आहे का, ते मी शोधून बघितलं. नाही. जगातल्या कुणीही उघडावं आणि वाचावं.

पण असं मधूनच सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, हा बाबा कुठलं पाखरू घेऊन बसलाय. पहिल्यापासून सांगतो.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्यानं माझ्या लॅपटॉपवर एक जुना गेम टाकून दिला. "दादा, ओळख बघू!" म्हणाला. मी बघताक्षणी ओळखला. कोळशाच्या खाणीचा गेम. तरुणपणी मी एका पियानोच्या दुकानात कामाला होतो, आणि धाकट्याला हाताखाली शिकायला घेतलं होतं. दुकानात हिशेबासाठी एक कॉम्प्युटर आणलेला. मालक जेवायला घरी गेला रे गेला, की आम्ही दोघं त्याच्यावर तुटून पडायचो. गेम असा, की एक खाणकामगार कुदळ घेऊन खाली खाली खणत जातो. एका हातात पिंजरा, पिंजऱ्यात पाखरू. पाखरू चिवचिवतंय तोवर हवा चांगली. ते गप्प झालं की विषारी वायू आला असं समजायचं आणि उलट्या पावली वर पळायचं. जरा उशीर केला की खेळ खलास.

आमची वाटणी ठरलेली होती. बटणं धाकट्याची, कान माझा. पाखरू म्हणजे पडद्यावर चार पिवळे ठिपके, बघून काही कळत नसे, कळायचं ते ऐकूनच. आणि कुदळीच्या ठणठणाटात ते ऐकणं काही खायचं काम नव्हतं. पण मला ते थांबल्याचं पटकन कळायचं. मी "पळ!" म्हणून ओरडलो की धाकटा पळायचा. दुकानातले बाकीचे कामं टाकून बघायला यायचे. कान असावा तर असा, म्हणायचे. मी वरवर "हॅ, त्यात काय" म्हणायचो आणि आतून फुगायचो.

धाकट्याला मात्र कान नव्हता. हे मी रागानं म्हणत नाही, ती वस्तुस्थिती आहे. पियानोत वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. त्या तिन्ही अगदी एक व्हाव्या लागतात, नाहीतर सूर लहरत राहतो. त्याला ती लहर ऐकूच यायची नाही. खूप डोकं फोडलं त्याच्याशी. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर म्हणालो, "ठोंब्या, तू आपलं नटबोल्टचं काहीतरी काम बघ. कान बाजारात विकत मिळत नाहीत." तो गेला आणि लिफ्टच्या कामाला लागला. ठोंब्या हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच, आमच्या घरात अजून तेच चालतं.

तर, गेम. जुना गेम नव्या मशीनवर सरळ चालत नाही. मध्ये एक प्रोग्राम लागतो. तो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो आणि गेम बिचारा फसतो. मी त्या प्रोग्रामला बहुरूपी म्हणायला लागलो. बहुरूप्याचं सोंग हुबेहूब वठायला शंभर सेटिंग नीट कराव्या लागतात. "काही अडलं तर फोन कर हं," असं धाकटा जाताना म्हणाला. मी कशाला करतोय? लिफ्टवाल्याला विचारून मी सेटिंग करू?

पहिल्यांदा चित्र उघडलं ते पोस्टाच्या तिकिटाएवढं. पूर्ण पडदाभर केलं, तर खाणकामगार आडवा पसरला, चांगला ढेरपोट्या झाला. "हा तर अगदी तुमच्यासारखा दिसतोय," आमची ही मागून म्हणाली. मी नेटवर वाचून काढलं. जुने पडदे जवळजवळ चौकोनी असत, आताचे लांबट. 'मूळ प्रमाण राखा' अशी एक जागा असते, तिथं खूण केली की दोन बाजूंना काळे पट्टे येतात आणि मधला माणूस माणसात येतो. मग चित्र पुसट दिसायला लागलं. बहुरूपी आपल्या मनानं सगळ्या कडा गुळगुळीत करत होता, ती हौस त्याची बंद केली.

मग आवाज. आधी आवाजच नाही. गेमच्या आत स्वतःची वेगळी सेटिंग असते, तिथं साउंड कार्ड कुठलं ते सांगावं लागतं. बहुरूपी एका कार्डाचं सोंग घेऊन बसलेला आणि गेम भलत्याच कार्डाला हाका मारत होता. दोघांची गाठ घालून दिली. आवाज आला, पण तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडत. आवाज थोडा साठवून मग सोडण्याचा एक आकडा असतो, तो वाढवला. तडतड गेली, पण आता कुदळ आधी आपटायची आणि ठण मागाहून यायचा. आकडा जरासा उतरवला. बहुरूप्याचा वेगही फार होता, सगळं दुडुदुडु पळत होतं, तोही आवळला. माझ्याच धंद्यातलं काम वाटायला लागलं मला हे.

"बघ," मी हिला म्हणालो, "साठी उलटली म्हणून काय झालं?"

"साठीचं राहू दे," ती इस्त्री करता करता म्हणाली, "ती किरकिर आधी कमी करा. डोकं उठलंय माझं."

मला वाटलं, कुदळीबद्दल म्हणतेय. आवाज कमी केला.

आणि मग खेळायला बसलो तो मेलोच. पुन्हा बसलो, पुन्हा मेलो. कुदळ वाजत होती, गाडा खडखडत होता, पाण्याचे थेंब टपटपत होते. पाखराचा पत्ता नाही. पिंजऱ्यात चार पिवळे ठिपके जागच्या जागी, आणि आवाज शून्य.

आता हेही सांगितलं पाहिजे, की मी त्या आठवड्यात आधीच चिडलेला होतो. संगीतशाळेचा वार्षिक कार्यक्रम शनिवारी होता आणि त्यांचा मोठा पियानो शुक्रवारी मी लावणार होतो, दरवर्षी लावतो तसा. त्या कार्यक्रमाला सगळं गाव येतं. पियानो कुणी लावला म्हणून विचारतात, आणि शाळेच्या बाई माझं नाव सांगतात. माझी बाकीची सगळी कामं त्या एका संध्याकाळवर मिळतात. माझ्याजवळ ना दुकान, ना पदवी. एक कान आहे, त्यावर घर चाललं. आणि त्याच कानाला एक फडतूस प्रोग्राम पाखरू ऐकवत नाही म्हणजे काय?

बहुरूपी बनवणाऱ्या लोकांची नेटवर एक जागा आहे, तिथं तक्रारी मांडायच्या. लोक ते काम फुकट करतात. मला उत्तर देणारा स्वतःला घुबड म्हणवून घेत होता. मी ती मघाशी सांगितलेली तक्रार ठोकली. घुबडाचं उत्तर अगदी मऊ आलं. नमस्कार, प्रत्येक आवाज कमी-जास्त करायची वेगळी पट्टी असते, पाखराची पट्टी शून्यावर नाही ना, कृपया बघता का? बघितलं. नव्हती. मग म्हणाला, आवाजाचा बारकावा ठरवणारा आकडा कमी असेल तर बारीक आवाज गळून जातात, तो वाढवा. वाढवला. नाही. मग म्हणाला, जुन्या कार्डाची गाळणी चालू असेल, ती वरचे सूर दाबते, ती बंद करा. केली. नाही. हेडफोन लावून बघा. चांगले नवे आणून लावले. नाही म्हणजे नाही.

प्रत्येक 'नाही'गणिक माझी भाषा चढत गेली. त्याची होती तिथंच राहिली, म्हणून मला आणखी राग आला. शेवटी त्यानं माझ्या सेटिंगची फाईल मागवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, "तुमच्याच सेटिंगवर गेम चालवून आवाज रेकॉर्ड केलाय, सोबत जोडतोय. मला पाखरू ऐकू येतंय."

मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. कुदळ, गाडा, थेंब. पाखरू नाही. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "थापा मारू नका. घुबडाला दिवसा दिसत नाही हे माहीत होतं, ऐकूही येत नाही हे आज कळलं." लिहून पाठवलं आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन मोठ्यानं हसलोसुद्धा. हिला वाचून दाखवलं. ती हसली नाही.

घुबडानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्याच कुणीतरी दिलं. "भांडण नको. डोळ्यांनी बघा," एवढंच, आणि खाली त्या रेकॉर्डिंगचं चित्र. आवाजाचं चित्र काढता येतं: जाड सूर खाली, बारीक सूर वर. खाली कुदळीचे जाड पट्टे होते. आणि वर, पार वर, लहान लहान टिंबांची एक रांग होती, सारख्या अंतरावर, सरळ. तिला बाण दाखवून लिहिलं होतं, पाखरू.

चित्र काय, कुणीही रंगवेल, मी म्हटलं. पण माझं बोट पडद्यावर त्या रांगेवरच राहिलं.

"अगं, जरा इकडे ये," मी हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी हेडफोन काढून गेम सुरू केला. "काय काय ऐकू येतंय सांग."

"म्हणजे?"

"जे येतंय ते सांग ना. परीक्षा आहे का?"

"ठणठण. पाणी टपकतंय. आणि तेच तुमचं चिवचिव, चिवचिव. आठवडाभर तेच तर चाललंय! म्हणून तर म्हणते, ती किरकिर कमी करा. आत दार लावून बसलं तरी कानात घुसते." मग जरा थांबून म्हणाली, "हं, आता थांबलं."

मी पळालो नाही. बटणावर बोट ठेवून तसाच बसलो. दोन क्षणांत खाणकामगार आडवा झाला.

तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला..." एवढंच बोलली. मग "अगंबाई, इस्त्री चालू राहिली वाटतं," म्हणून घाईनं आत गेली. इस्त्री बंद होती. कपडे सकाळीच घड्या घालून कपाटात गेले होते, मी बघितले होते.

मी उठून घरच्या पियानोपाशी गेलो. उजव्या टोकाच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. टक. टक. टक. तो लाकडाचा आवाज, हातोडी तारेवर पडते त्याचा. पुढं काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, पियानो लावणाऱ्या माणसाला हे आधी कसं कळलं नाही? कळलं होतं की! मला कळलं होतं, की हल्लीच्या तारांत जीव राहिलेला नाही. दहा ठिकाणी बोललो असेन. संगीतशाळेच्या बाईंना तर पियानोच्या वरच्या सगळ्या तारा नव्यानं घालायला लावल्या. त्या घातल्यावर वाजवून बघितलं आणि म्हणालो, "कंपनीच चोर आहे, बाई, काय करणार." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शिकाऊ पोरांना येताजाता ऐकवत आलो. वरच्या तारा अंदाजानं पिळायच्या, मग शेवटी पूर्ण पियानोवरून एक झोकदार हात फिरवायचा, डोळे मिटून मान डोलवायची आणि "वा!" म्हणायचं. घरोघरी हे केलं. लोकांनी बशीत बिस्किटं ठेवून चहा दिला. मी मिटल्या डोळ्यांनी मान डोलवत असताना ती माणसं एकमेकांकडे कशी बघत असतील, ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. खोलीत कुणी नव्हतं तरी मी मान खाली घातली.

घुबडाला मोठं पत्र लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, "पाखरू आहे. चूक माझ्या कानाची. बोललो त्याबद्दल माफ करा." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याचं उत्तर आलं, "कळवल्याबद्दल आभार. तक्रार बंद करतो."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी हत्यारांची पेटी घेऊन निघालो. ठरवलं होतं, की बाईंना सरळ सांगायचं, दुसरा माणूस बघा. वाटेत वाक्य घोळवत होतो. 'बाई, माझा कान गेला.' नको, फार रडकं. 'बाई, वरचे सूर हल्ली मला जरा कमी येतात.' जरा? काही येत नाहीत! माझा मलाच राग येत होता. आणि भीतीही वाटत होती, ते का लपवू? त्या शाळेनं सोडलं की गावानं सोडलं.

सभागृहात खुर्च्या मांडायचं चाललं होतं. बाई स्वतः पहिल्या रांगेला कागद चिकटवत होत्या. शिस्तीची बाई, पण बोलायला गोड. "या मास्तर, या!"

"बाई, जरा बोलायचं होतं. वरच्या पट्ट्यांचं..."

"हो हो, ते ठरलंय की. तुमचे बंधू दुपारी येतायत ना?"

"कोण येतायत?"

"धाकटे बंधू. नेहमीसारखे." कागद सोडून त्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून बोलायला लागल्या. "तुम्ही लावून गेलात की मागाहून ते येतात, वरचं काम पुरं करून जातात. दादानं पाठवलंय म्हणतात. सगळीकडेच जातात ना तुमच्यामागून? मास्तर, खरं सांगू? मला फार कौतुक वाटतं तुमचं. एवढ्या नावाच्या माणसानं आपल्या कानाची मर्यादा ओळखायची, आणि गाजावाजा न करता दुसऱ्याला पुढं करायचं, कुणाला जमतं हो हे? मी मुलांना तुमचं उदाहरण देते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी त्या खुर्च्यांच्या मधोमध पेटी धरून उभा होतो. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. तोंड उघडलंही.

"वय झालं की करावं लागतं, बाई," मी म्हणालो.

बोललो मी हे! घरून एक सांगायला निघालो होतो आणि नेमकं उलटं बोललो, वर जरा हसलोही. बाईंनी हात जोडले. कधीपासून येतोय तो, कुणाकुणाकडे जातो, हे विचारायची आता सोय नव्हती. मीच पाठवत होतो ना त्याला!

मी खालच्या आणि मधल्या तारा लावल्या. ते मला अजून नीट येतं, त्यात कसूर केली नाही. वर चढत गेलो तसा सूर बारीक होत गेला, आणि एका पट्टीनंतर नुसतं लाकूड वाजायला लागलं. आजवर मी त्या पट्टीवरून तसाच पुढं जात असे. या वेळी तिथं तारा पिळायची चावी काढून ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

दुपारी धाकटा आला. लिफ्ट कंपनीचा ग्रीसचे डाग पडलेला शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी. मी एव्हाना निघून गेलेला असतो या हिशेबानं बिनधास्त आत आला, आणि मला बघून दारातच थिजला. चोरी करताना पकडल्यासारखं तोंड झालं त्याचं. दुकानात मी खेकसलो की अगदी असंच व्हायचं.

"दादा! तू अजून इथं? मी आपला इथनं चाललो होतो, म्हटलं सहज..."

"अहो सहज काय, या ना," बाई लांबून म्हणाल्या. "मास्तर तुमचीच वाट बघतायत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. याला किती कळलंय, याचा अंदाज घेत होता.

"ये," मी म्हणालो. "उशीर केलास."

त्यानं पिशवी खाली ठेवली. पान्ह्यांच्या गर्दीतून पियानोची चावी काढली, बाजूच्या तारा दाबून धरायचे रबराचे तुकडे काढले आणि मोबाईल पियानोवर उभा करून ठेवला. मोबाईलच्या पडद्यावर एक काटा होता. तार वाजवली की काटा डावीकडे उजवीकडे हलायचा, सूर जुळला की मधोमध यायचा. म्हणजे कान त्याला अजूनही नव्हता. काट्याकडे बघून लावत होता! असल्या यंत्रावर लावणाऱ्यांना मी चारचौघांत खाटीक म्हणत आलोय. जिभेचं टोक दातांत धरून तो एकेक तार घेत होता, दोन दाबून एक, मग दुसरी, मग तिसरी. मला जे काम चुटकीसरशी जमायचं त्याला त्याचे कष्ट पडत होते, आणि तो ते करत होता.

"मला सांगायचं नाहीस?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं होतं की." त्यानं मान वर केली नाही. "तुझ्या साठीच्या जेवणाला. तू म्हणालास, ठोंब्या आता मला कान शिकवणार! सगळे हसले. मग मीही हसलो."

मला ते आठवत होतं. मी ते त्या दिवसातला सगळ्यात चांगला विनोद समजत होतो.

"म्हणून मग गेम टाकून दिलास?"

"गेम खेळायला टाकला, दादा," तो म्हणाला आणि पुढची तार घेतली. खरं की खोटं, मी पुढं विचारलं नाही. हिनं त्याला काय सांगितलं होतं आणि त्यानं हिला काय, तेही विचारलं नाही.

शेवटची पट्टी आली. तिची तिसरी तार त्यानं लावली, काटा मधोमध उभा राहिला. बाई जवळ आल्या. "झालं का?"

त्यानं बाईंना उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळला आणि बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं म्हणाला, "दादा, बघ रे, बरोबर लागलाय का?"

आणि पट्टी दाबली. पट्टी खाली गेलेली मला दिसली. टक.

शिकत होता तेव्हा प्रत्येक तारेनंतर असंच विचारायचा. मी प्रत्येक वेळी "किंचित वर" म्हणायचो, बरोबर असली तरी, कारण शिकवणाऱ्यानं काहीतरी म्हणायला हवं. आताही तो उभा होता तसाच, चावी हातात धरून. मला वाट करून देत होता. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं, बाईंचा चेहरा कौतुकानं आधीच फुललेला होता. त्याला ऐकू येत होतं, बाईंना ऐकू येत होतं, आणि दोघं मला विचारत होते.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालात?" बाई पुढं झुकल्या. मी फारच हळू बोललो असणार. पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, खुर्च्या मांडणारे थांबून बघायला लागले इतक्या मोठ्यानं.

"म्हटलं, मला ऐकू येत नाही, बाई! वरचं काहीच ऐकू येत नाही. कधीपासून, तेही मला माहीत नाही. आणि याला मी पाठवत नव्हतो. एकदाही पाठवलं नाही. मघाशी खोटं बोललो. हा आपला आपण यायचा, माझ्या मागून, माझं निस्तरायला. त्या तुमच्या जुन्या तारांतही काही खोट नव्हती, फुकट काढायला लावल्या मी."

बाईंनी हातातला कागद उगाच सरळ केला. धाकटा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, जणू उघडं पडलं ते त्याचंच. पट्टी अजून दाबून धरलेली, आणि डोळे माझ्यावर. दुकानातल्या त्या दिवशी मी त्याला घालवून दिलं तेव्हाही त्यानं असंच बघितलं होतं, पण तेव्हा मला हसू आलं होतं.

"दादा, अरे पण..."

"माझ्याकडे काय बघतोस, ठोंब्या," मी ओरडलो, आणि माझा आवाज फाटला. "काट्याकडे बघ."